पहिलं गाव, पहिलं कॅरेक्टर: 'प्रोजेक्ट झोंबॉइड' नव्याने खेळणाऱ्यांसाठी

'प्रोजेक्ट झोंबॉइड' हा झोंबींनी, म्हणजे चालत्या मुडद्यांनी, भरलेल्या जगात तग धरायचा गेम सुरू होतानाच सांगून टाकतो की जगण्याची आशा नव्हती, आणि पुढे दिसणार आहे ती तुम्ही कसे मेलात त्याची हकिगत. निकाल आधीच जाहीर. शेवटचा राक्षस नाही, सुटकेचं हेलिकॉप्टर नाही (हेलिकॉप्टर येतं खरं, पण ते भलत्याच कारणासाठी कुप्रसिद्ध आहे, त्याच्याकडे नंतर वळू), 'तुम्ही जिंकलात' असा फलकही नाही. हिशोब एवढाच की किती दिवस तग धरलात.

नवखा माणूस गोंधळतो तो खेळ सुरू व्हायच्याही आधी. समोर दोन पडदे येतात. एकावर गावांची यादी, दुसऱ्यावर व्यवसाय आणि गुणदोषांची भलीमोठी जंत्री. मग तो नेटवर शोधतो आणि 'सर्वात ताकदवान बिल्ड' (म्हणजे कॅरेक्टरची जुळणी) छापाचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. ते बनवणाऱ्यांनी या गेममध्ये शेकडो तास घालवलेले असतात. गल्लीच्या कोपऱ्यावर आठ झोंबी दिसले तर काय करायचं हे त्यांच्या बोटांना पाठ असतं, म्हणून बहिरं, अशक्त, रक्ताला घाबरणारं कॅरेक्टरही ते सहज चालवतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याची गरज वेगळी आहे. त्याला वेळ पाहिजे. चूक झाली, ती का झाली हे उमजलं, आणि तरीही आपण जिवंत आहोत, इतका वेळ. गाव आणि कॅरेक्टर दोन्ही माझ्या मते याच एका कसोटीवर निवडावं.

थोडी पार्श्वभूमी. 'द इंडी स्टोन' या ब्रिटिश स्टुडिओचा हा गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर २०१३ पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला, आहे. म्हणजे इतकी वर्षं लोक तो खेळतायत आणि तो अजून तयार होतोय! डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या बिल्ड ४१ ने (इथे 'बिल्ड' म्हणजे गेमची आवृत्ती) त्याला खऱ्या अर्थाने लोकप्रिय केलं. डिसेंबर २०२४ मध्ये बिल्ड ४२ चाचणी आवृत्ती म्हणून खुलं झालं. खालचे सगळे आकडे बिल्ड ४१ चे आहेत. ४२ मध्ये काही गुणदोषांच्या किमती आणि परिणाम बदललेत, त्यामुळे तिथे खेळत असाल तर आकडे पडद्यावर पाहून घ्या. विचार करायची पद्धत तीच राहते.

कथा घडते अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, जुलै १९९३ मध्ये. मोबाइल नाही, इंटरनेट नाही, टीव्ही आणि रेडिओ आहेत. मल्ड्रॉ आणि वेस्ट पॉइंट ही गावं खरीखुरी आहेत, अमेरिकेच्या सोन्याच्या साठ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या फोर्ट नॉक्सच्या परिसरातली. रोझवूड आणि रिव्हरसाइड मात्र गेम बनवणाऱ्यांनी घडवलेली. आपल्याकडच्या खेळाडूला एक गोष्ट सुरुवातीला पचत नाही: घर आतून बंद केलं तरी ते बंद नसतं. आपल्या खिडक्यांना लोखंडी गज असतात, तिथल्या घरांना नुसती काच. झोंबी ती फोडून थेट दिवाणखान्यात उतरतात. त्यामुळे 'दार लावलं, आता निवांत' हा आपला हिशोब तिथे चालत नाही.

आधी मरायचं कसं ते कळू द्या

गाव निवडायच्या आधी हे समजून घ्यायला हवं की इथे माणूस मरतो कशाने. नेहमीच्या 'अपॉकॅलिप्स' पद्धतीत झोंबीने ओरखडा काढला तर संसर्गाची शक्यता ७ टक्के, खोल जखम केली तर २५ टक्के, आणि चावला तर पुरती १०० टक्के. चावा म्हणजे खेळातल्या दोन-तीन दिवसांत मृत्यू. औषध नाही.

एकटा झोंबी तसा निरुपद्रवी असतो. हळू चालतो, आवाज करतो, ढकलला की पडतो. लोक मरतात ते तीन-चार जण एकदम अंगावर आले म्हणून, किंवा मागून एक न दिसलेला आला म्हणून. गेम वरून, तिरक्या कोनातून दिसतो, पण तुमच्या कॅरेक्टरला समोर जेवढं दिसतं तेवढंच तुम्हाला दिसतं. पाठीमागचा झोंबी पडद्यावर असतोच असं नाही. बऱ्याच जणांना हेच उशिरा लक्षात येतं.

तिसरं कारण दमणं. पळालात, कुऱ्हाड दहादा फिरवली, की उजव्या कोपऱ्यात दमल्याचं चिन्ह उमटतं. या छोट्या चिन्हांना 'मूडल' म्हणतात. दमलेल्या माणसाचा घाव हलका पडतो. पहिला झोंबी दोन घावांत पडला होता, आता पाचवा सहा घाव घेतो, आणि तेवढ्यात सहावा पोचतो. पहिल्या आठवड्यातले बरेच मृत्यू असेच होतात.

म्हणजे तीन शत्रू: गर्दी, न दिसणं, दमणं. गाव पहिल्याचा बंदोबस्त करतं, कॅरेक्टर उरलेल्या दोघांचा.

गाव

रोझवूड घ्या. झालं.

खरं तर हा भाग इथेच संपवला तरी चालेल, पण का ते सांगायला हवं. रोझवूड लहान आहे आणि सुरुवातीच्या गावांमध्ये तिथली झोंबींची गर्दी सगळ्यात विरळ. पोलीस स्टेशन, फायर स्टेशन, न्यायालय, पुस्तकांचं दुकान, भिंतीआडची श्रीमंत वसाहत, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. फायर स्टेशनमधल्या लॉकरमध्ये अग्निशमन दलाची कुऱ्हाड आणि जाड संरक्षक कपडे मिळण्याची शक्यता चांगली असते. ती इमारतच पुढे घर म्हणून वापरणारे खूप जण आहेत. गावाजवळ एक तुरुंग आहे, त्याच्या वाटेला सध्या जाऊ नका. आत झोंबींची खच्चून गर्दी असते आणि बाहेर पडायच्या वाटा मोजक्या.

रोझवूडची कमतरता म्हणजे ते बाजूला पडलंय आणि दुकानं कमी आहेत. अन्न आणि अवजारं महिनाभरात खुंटायला लागतात, मग गाडी काढून दुसऱ्या गावी जावं लागतं. नवख्यासाठी ही अडचण नाहीच, कारण महिना काढला तोवर तो नवखा राहिलेला नसतो.

रिव्हरसाइड दुसरा पर्याय. ओहायो नदीच्या काठावर, नकाशाच्या वायव्य कोपऱ्यात, घरं जरा पसरलेली. गर्दी रोझवूडपेक्षा जास्त, पण हाताळता येईल अशी. नदी उशाला असल्याने नळाचं पाणी गेल्यावर चिंता कमी आणि मासेमारीची सोय. मात्र नदीचं पाणी उकळून प्यायचं, नाहीतर पोट बिघडतं.

मल्ड्रॉ एका हायवेच्या दोन्ही अंगांना लांबच लांब पसरलंय. गोदामं आहेत, जवळ लाकडाची वखार आहे, मोठा तळ उभारायचा तर जागा उत्तम. पण हायवेवर झोंबींचे घोळके असतात, आणि गाव लांबट असल्याने एका टोकाकडून दुसरीकडे जाताना ते टाळता येत नाहीत. मजा अशी की जुने खेळाडू याच गावावर जीव टाकतात, आणि मित्राला गेम शिकवताना 'मल्ड्रॉच घे' म्हणतात. त्यांचं ऐकू नका.

वेस्ट पॉइंट सुरुवातीच्या चारांमध्ये सगळ्यात अवघड. बंदुकांचं दुकान, मोठं किराणा मार्केट, सगळं आहे, आणि त्या सगळ्याच्या दारात गर्दीही आहे. लुईव्हिल हे महानगर तर सुरुवातीच्या यादीत नाहीच, तिथे नंतर पोचायचं असतं, आणि तेही पूर्ण तयारीनिशी.

एक गंमत लक्षात ठेवा. गाव तुम्ही निवडता, घर गेम निवडतो. रोझवूडमध्येही कधी गावाच्या मध्यावर जाग येते. पहिल्या मिनिटात खिडकीतून चार-पाच दिसले तर सरळ नवा डाव सुरू करा. यात लाजण्यासारखं काही नाही.

कॅरेक्टर

इथे दुकानाचा हिशोब आहे. चांगले गुण घेतले की पॉइंट खर्च होतात, दोष घेतले की पॉइंट मिळतात. व्यवसायालाही किंमत असते: फायर ऑफिसर आणि लाकूडतोड्या ० ला, पोलीस ४ पॉइंटला, घरफोड्या ६ ला, निवृत्त सैनिक ८ ला. उलट 'बेरोजगार' घेतला तर वर ८ पॉइंट मिळतात. शेवटी शिल्लक शून्याखाली जाता कामा नये.

काय विकत घ्यायचं आणि काय विकायचं, यासाठी एक साधा प्रश्न पुरतो: ही गोष्ट मला खेळताना कमावता येईल का? ताकद आणि दम ही दोन कौशल्यं वाढायला अतोनात वेळ घेतात. सुतारकाम, स्वयंपाक, शेती ही पुस्तकं वाचून, टीव्ही पाहून, काम करून वाढवता येतात. म्हणून पॉइंट ताकद-दमावर घालवा. दोषांचंही तसंच. जो दोष सिगारेटच्या पाकिटाने किंवा पाण्याच्या बाटलीने भागतो तो बिनधास्त घ्या. जो दोष प्रत्येक मारामारीत डोकं वर काढतो तो टाळा.

व्यवसाय म्हणून मी फायर ऑफिसर सुचवेन. फुकट मिळतो आणि ताकद, दम, धावणं, कुऱ्हाड या चारही गोष्टींत एकेक पायरी वर देतो. ही एक पायरी दिसते त्यापेक्षा मोठी आहे. बिल्ड ४१ मध्ये बहुतेक कौशल्यांचा शिकण्याचा वेग मुळात चौथाईच असतो. व्यवसायाने किंवा गुणाने त्यात सुरुवातीची एक पायरी दिली की तो पूर्ण होतो. म्हणजे फायर ऑफिसर कुऱ्हाड इतरांच्या चौपट वेगाने शिकतो. आणि रोझवूडच्या फायर स्टेशनात बहुधा कुऱ्हाडच असते. गाव आणि कॅरेक्टर एकमेकांना धरून निवडायचं म्हणजे हेच.

आता गुणदोष. चांगले तीन घ्या: 'स्टाउट' (६), 'फिट' (६) आणि 'कीन हिअरिंग' (६). पहिल्याने ताकद दोन पायऱ्या वाढते, दुसऱ्याने दम दोन पायऱ्या. मूळच्या ५ वर फायर ऑफिसरची १ आणि ही २ धरून दोन्हीकडे ८ होतात, सुरुवातीला हे भरपूर झालं. तिसरा, तल्लख कान, माझ्या मते नवख्याची सर्वात चांगली खरेदी. पाठीमागचे झोंबी जास्त अंतरावरून जाणवतात आणि पडद्यावर दिसू लागतात. वर म्हटलेला 'न दिसणारा' शत्रू निम्मा तरी इथेच संपतो.

खर्च १८ झाला. भरपाईसाठी 'स्मोकर' (४): सिगारेट ओढली नाही की ताण वाढतो, पण मेलेल्या झोंबींच्या खिशात सिगारेट आणि लायटर इतके सापडतात की तुटवडा पडत नाही. 'हाय थर्स्ट' (६): तहान जास्त. भरलेली बाटली जवळ असली की कॅरेक्टर आपणहून पितं. 'वीक स्टमक' (३): शिळं, नासकं खाऊ नका, झालं. 'स्लो रीडर' (२): पुस्तक वाचायला वेळ लागतो, तसंही ते तुम्ही रात्री दारं लावून वाचणार. 'प्रोन टू इलनेस' (४): पावसात भिजून हिंडू नका. बेरीज १९. एक पॉइंट शिल्लक, तो राहू द्या.

काय घेऊ नये याची यादी छोटी आहे. 'थिन स्किन्ड' ८ पॉइंट देतो म्हणून मोह होतो, पण त्याने ओरखडे आणि चावे बसण्याची शक्यताच वाढते, म्हणजे जीव विकून पॉइंट घेतल्यासारखं. 'डेफ' १२ देतो आणि सगळा आवाज काढून घेतो. 'कॉन्स्पिक्युअस' घेतलात तर झोंबींना तुम्ही लवकर दिसता. 'अनफिट' आणि 'वीक' प्रत्येकी १० देतात, पण ते घेणं म्हणजे जे महागात घ्यायचं तेच स्वस्तात विकणं.

पोलीस आणि सैनिक यांच्याबद्दल विचारणारे खूप. बंदूक असणार, मग चांगलंच की! पण गोळी झाडली की तो आवाज लांबवर जातो आणि आजूबाजूचे सगळे तुमच्याकडे वळतात. नेमबाजीची पायरी कमी असेल तर निम्म्या गोळ्या हवेत. पहिल्या आठवड्यात बंदूक सापडली तर पिशवीत ठेवा, चाप ओढू नका. सैनिकाला घबराट होत नाही हा मोठा फायदा खरा, पण ८ पॉइंटची किंमत चुकवायला जे दोष घ्यावे लागतात ते झेपण्याइतका हात बसलेला असावा लागतो.

सुतार हा चांगला पर्यायी व्यवसाय आहे. उलट २ पॉइंट देतो, सुतारकामात ३ पायऱ्या आणि हातोडीसारख्या आखूड हत्यारांत १. घर बांधायची हौस असलेल्यांना तोच आवडेल. मारामारीत मात्र फायर ऑफिसरइतका आधार देत नाही.

पहिला दिवस, जवळून

९ जुलै, सकाळचे ९. रोझवूडमधल्या कुठल्यातरी घरात उभे आहात. पहिल्यांदा खिडक्यांपाशी जा आणि पडदे ओढा. मग स्वयंपाकघर. फ्रिजमधलं आधी खायचं, डबाबंद अन्न ठेवून द्यायचं. डबा उघडायचं ओपनर दिसलं तर ते सोन्याहून महाग समजा. तवा, लाटणं, हातोडी, जे हाताला लागेल ते हत्यार. भांडी आणि बाटल्या पाण्याने भरून ठेवा, कारण पाणी आणि वीज दोन्ही पहिल्या ३० दिवसांत कधीही जातात.

टीव्ही असेल तर 'लाइफ अँड लिव्हिंग' वाहिनी लावा. सुरुवातीच्या दिवसांत सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ ला सुतारकाम, स्वयंपाक, मासेमारी असले कार्यक्रम लागतात आणि नुसतं पाहून कौशल्य वाढतं. वीज जायच्या आधी मिळणारी ही फुकटची शिकवणी आहे. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या खेपा या वेळा सांभाळून करा. आवाज मात्र कमी ठेवा.

मग पहिली लढाई. मोकळ्या रस्त्यावर लढू नका. कमरेइतकं कुंपण शोधा आणि त्याच्या अलीकडे उभे राहा. झोंबी तुमच्याकडे येतो, कुंपणावरून पलीकडून अलीकडे कोसळतो आणि पोटावर पडतो. तो उठायच्या आत डोक्यात घाव घाला किंवा पायाने चिरडा. एक झाला, दोन पावलं मागे सरा, दुसरा येऊ द्या. दोनपेक्षा जास्त एकदम आले तर मागे वळून चालत निघा. पळू नका, चाला. झोंबी तुमच्यापेक्षा हळू असतात, आणि चालताना दम वाचतो. कोपरा वळलात, नजरेआड झालात, की ते हरवतात. दमल्याचं चिन्ह दिसलं की लढाई थांबवून कुठेतरी बसायचं, मग समोर एकच झोंबी का असेना.

खिडकी फोडून घरात शिरायचं असेल तर आधी काचेचे तुकडे काढा. तसेच आत गेलात तर हात कापतो, आणि पहिल्याच दिवशी पट्टी शोधत बसावं लागतं. काही घरांना गजरही असतो. तो वाजला की लूट विसरा आणि ताबडतोब निघा.

आता ते हेलिकॉप्टर. साधारण सहाव्या ते नवव्या दिवसादरम्यान ते गावावर घिरट्या घालतं. तुम्ही दिसलात तर डोक्यावर रेंगाळतं, आणि त्याच्या आवाजाने परिसरातले झोंबी तुमच्या दिशेने ओढले जातात. आपल्या तळावर त्याला आणू नका. पाचव्या दिवसापासूनच गावाबाहेरचं एखादं घर हेरून ठेवा, आवाज आला की तिथे जाऊन आत दडी मारा, आणि ते गेल्यावर काही तास थांबून मग परता.

हे सगळं करूनही चावा बसेलच. तो नियमच फार जाचक वाटत असेल तर 'सँडबॉक्स' या नियम स्वतः ठरवायच्या पद्धतीत संसर्ग पूर्ण बंद करता येतो, झोंबींची संख्या कमी करता येते. 'हे म्हणजे फसवणूक' असं म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही. कुंपणाची लढाई, दम राखणं, आवाज ओळखणं ही सवय अंगात मुरेपर्यंत संसर्ग बंद ठेवून खेळलं तर शिकणं झपाट्याने होतं, आणि मग नियम परत चालू करायला एक टिचकी पुरते.

दुसऱ्या झोंबी गेममध्येही हाच विचार लागू पडतो. '७ डेज टू डाय' मध्ये पाइन जंगलाचा भाग सर्वात सौम्य आणि वेस्टलँड सर्वात जीवघेणा. दर सातव्या रात्री तिथे टोळीचा हल्ला होतो, म्हणून पहिला आठवडा जंगलातच राहून भिंत उभारणं शहाणपणाचं.

रोझवूडमध्ये दोन-तीन आठवडे सलग काढता आले, जनरेटर चालवायला शिकवणारं मासिक वाचून झालं, आणि गाडीत पेट्रोल आहे, अशी वेळ आली की मग मल्ड्रॉकडे निघा. त्याच कॅरेक्टरने जा, नवं बनवू नका. दुपारच्या आत पोचायच्या बेताने सकाळी निघा, गाडी गावाबाहेर परतीच्या दिशेने तोंड करून उभी करा, आणि चावी खिशात ठेवा.